ग्रीसच्या बातम्या वर्षभर वाचायच्या तर आधी कॅलेंडर मांडा

ग्रीसमधली बरीचशी सार्वजनिक धामधूम तारखांना बांधलेली असते. तारीख माहीत नसेल तर ‘अथेन्समध्ये मोर्चा’ एवढंच कळतं, मोर्चा कशासाठी ते कळत नाही. म्हणून पहिलं काम कॅलेंडरचं.

न हलणाऱ्या तारखा आधी लिहा. 28 फेब्रुवारीला तेंबीच्या अपघाताचा स्मृतिदिन. 2023 साली त्या रात्री प्रवासी गाडी आणि मालगाडी एकाच रुळावर समोरासमोर आल्या, 57 जण गेले. 2025 मध्ये याच दिवशी देशभर संप झाला आणि रस्ते माणसांनी भरले. 25 मार्च हा 1821 च्या स्वातंत्र्यलढ्याचा दिवस, लष्करी संचलन अथेन्सला. 28 ऑक्टोबरला मात्र संचलन उत्तरेकडच्या थेस्सालोनिकी शहरात असतं. 1940 मध्ये ग्रीसचा हुकूमशहा मेताक्सास याने इटलीच्या मुसोलिनीची निर्वाणीची मागणी धुडकावली तो हा दिवस. 17 नोव्हेंबरला 1973 च्या पॉलिटेक्निक उठावाचा (लष्करी राजवटीविरुद्ध विद्यार्थ्यांनी केलेल्या) स्मरण मोर्चा अमेरिकी दूतावासापर्यंत जातो. 6 डिसेंबर म्हणजे 2008 साली अथेन्सच्या एक्झार्खिया भागात पोलिसाच्या गोळीने पंधरा वर्षांचा मुलगा गेला तो दिवस. या शेवटच्या दोन तारखांना पोलिसांच्या सांगण्यावरून अथेन्सच्या मध्यभागातली मेट्रो स्थानकं बंद होतात. ‘मेट्रो बंद’ दिसलं की लगेच संप समजू नका.

मग हलणाऱ्या तारखा. आपला गणपती जसा दरवर्षी मागेपुढे होतो तसा ग्रीकांचा ईस्टर, आणि तो आपल्याकडच्या कॅलेंडरात छापलेल्या गुड फ्रायडेशी बहुतेक वेळा जुळत नाही. इथेच सगळे फसतात. 1900 ते 2099 या काळासाठी हिशोब असा: सालाला 4 ने भागून उरेल ती बाकी अ, 7 ने भागून ब, 19 ने भागून क. (19क + 15) ला 30 ने भागून बाकी ड. (2अ + 4ब − ड + 34) ला 7 ने भागून बाकी इ. आता 4 एप्रिलच्या पुढे ड + इ इतके दिवस मोजा. 2026 साठी अ 2, ब 3, क 12, ड 3, इ 5. म्हणजे 12 एप्रिल. त्याच्या 48 दिवस आधी ‘स्वच्छ सोमवार’ (ईस्टरआधीच्या उपवासाचा पहिला दिवस), 2 दिवस आधी गुड फ्रायडे, 50 दिवसांनी पवित्र आत्म्याचा सोमवार. 1 मे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आला तर कामगार दिनाची सुट्टी पुढे ढकलतात. 2024 मध्ये ईस्टर 5 मेला होता, सुट्टी 7 मेला गेली.

उन्हाळ्यात राजकारण थंडावतं आणि आगी पेटतात. 1 मे ते 31 ऑक्टोबर हा अधिकृत वणव्यांचा हंगाम. नागरी संरक्षण खातं रोज दुसऱ्या दिवसाचा धोक्याचा नकाशा काढतं, पाच पायऱ्यांचा. चौथी-पाचवी पायरी दिसली की त्या जिल्ह्यावर नजर ठेवा.

वर्षातला खरा कस सप्टेंबरात लागतो. थेस्सालोनिकीच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात पंतप्रधान आर्थिक घोषणा करतात. (2023 मध्ये डॅनियल वादळाने मध्य ग्रीसमधला थेसली प्रांत पाण्याखाली गेला आणि हे भाषण आठवडाभर पुढे गेलं.) दुसऱ्या दिवशी मथळे येतात, ‘पगार वाढले, कर घटले’. तेव्हा वाढलेलं किंवा घटलेलं काहीच नसतं. अर्थसंकल्पाचा कच्चा मसुदा ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत संसदेत येतो, पक्का नोव्हेंबरात, मतदान डिसेंबरात. भाषणातला आकडा वहीत टिपून ठेवा आणि या तीन टप्प्यांवर ताडून पाहा. गळती कुठे झाली ते आपोआप दिसतं.

इतर कायद्यांचा माग असाच काढायचा: आधी लोकांच्या सूचनांसाठी मसुदा, मग समिती, मग 300 जणांची संसद, शेवटी सरकारी राजपत्र. राजपत्रात छापून येईपर्यंत ‘कायदा झाला’ म्हणू नये. कायद्याचा क्रमांक दर जानेवारीला एकपासून सुरू होत नाही, सलग चालतो. समलिंगी विवाहाचा कायदा 5089/2024. नुसत्या 5089 वरूनही तो सापडतो. खात्यांचे निर्णय आणि खर्चाच्या मंजुऱ्या 2010 पासून ‘दियाव्घिया’ या सरकारी संकेतस्थळावर टाकाव्या लागतात. मंत्री काय बोलले त्यापेक्षा तिथे काय चढलं ते बघावं.

आकडे वाचताना सावध. ग्रीक लिखाणात हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम असतो, त्यामुळे 1.250 युरो म्हणजे साडेबाराशे, सव्वा नव्हे. ‘एकात.’ म्हणजे दहा लाख, ‘दिस.’ म्हणजे शंभर कोटी. वेळही तपासा: ग्रीसचं घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतीन तास मागे, उन्हाळ्यात अडीच. संसदेतलं मतदान तिथे मध्यरात्रीपर्यंत लांबलं की निकाल आपल्याकडे पहाटे येतो, आणि तारीख एकाने चुकते.