ठरवलं नसताना झालेला खर्च मनाला लागला तर काय करावं

राख्या आणायला नाशिकच्या मेन रोडला गेलेली बाई भांडी बाजारातून पितळेचं पातेलं घेऊन घरी येते. 2,400 रुपये. महिनाभर रिक्षा टाळून सिटीलिंकच्या बसने फिरायचं, बुधवारी गोदाघाटावर बाजार उठायच्या वेळी भाजी घ्यायची आणि एका दुपारी हे. रात्री झोप लागत नाही. ज्याला पैशाची किंमत कळते त्यालाच अशी टोचणी लागते, म्हणून तिची लाज वाटून घेऊ नका. ती उतरवायची कशी, ते मात्र शिकावं लागतं.

त्या रात्री काहीही ठरवू नका. ‘उद्यापासून दूध कमी’, ‘दिवाळीला कुणालाच काही नाही’ असले निश्चय रागाच्या भरात केले जातात. चार दिवस टिकतात, मग मन उसळतं आणि दुसराच खर्च होतो. पोराच्या दुधातून पातेल्याचे पैसे वसूल करू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

सकाळी वहीत खर्च लिहा आणि तो कशातला ते ठरवा. सासऱ्यांचा दवाखाना, जळालेला मिक्सर, गावी अचानक जावं लागणं यात तुमचा दोष काडीचाही नाही. असे खर्च दरवर्षी येतात, फक्त कधी ते माहीत नसतं. टोचणी लागायचीच तर ती गरज नसताना हात सुटला त्याची. स्कॅन केलं की पैसे जातात, नोटा मोजाव्या लागत नाहीत, त्यामुळे हल्ली हात लवकर सुटतो. आठवड्यातून एकदा फोनमधली देवघेवीची यादी वहीशी ताडून पाहा.

वस्तू नकोच असेल तर लगेच परत करा. बिल आणि खोकं जपलं असेल तर ओळखीचा दुकानदार निदान बदलून तरी देतो. ऑनलाइन मागवली असेल तर परतीची मुदत आजच पाहा. पण वस्तू हवी आहे आणि फक्त अपराधी वाटतंय म्हणून परत करू नका. सहा महिन्यांनी तीच पुन्हा घ्याल.

आता भरपाई, आणि ती हप्त्याहप्त्याने. 2,400 म्हणजे सहा महिने दरमहा 400. हे 400 कुठून येणार ते नावानिशी लिहा: बाहेरची मिसळ एकदा कमी, नवा ड्रेस दिवाळीनंतर. पोस्टाची आरडी आणि भिशी यांना हात लावू नका. आरडी महिना 100 रुपयांपासून चालते आणि हप्ता चुकला तर शंभरामागे रुपया दंड बसतो. दंड किरकोळ आहे, पण एकदा हप्ता चुकवायची सवय लागली की मोडत नाही. भिशीत तर दुसऱ्यांचे पैसे अडकतात.

घाई करायची ती एकाच ठिकाणी. खर्च क्रेडिट कार्डावर झाला असेल तर बिल मुदतीत पूर्ण भरा. ‘किमान रक्कम’ भरून भागवलं तर उरलेल्या रकमेवर महिन्याला साधारण तीन ते चार टक्के व्याज चढतं आणि नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. तिथे साठवणीतले पैसे काढावे लागले तरी काढा.

घरात सांगा. लपवलेल्या खर्चाची टोचणी खर्चापेक्षा मोठी होते. वस्तू माळ्यावर जाते, बिल फाडलं जातं, कुणी विचारलं की ‘जुनंच आहे’ म्हणावं लागतं. त्यापेक्षा जेवताना सरळ बोला.

“अहो, पातेलं घेतलं मी. चोवीसशेचं.”

“बरं केलंस. भिशीचे राहिलेत ना?”

“ते वेगळे ठेवलेत.”

प्रत्येक घरी इतकं सोपं नसतं, हे मान्य. चिडचिड होईल असं वाटत असेल तर भरपाईचा हिशेब आधी मांडा आणि वही हातात घेऊनच विषय काढा.

घेतलेली वस्तू वापरा. ही पायरी सगळ्यात जास्त चुकते. टोचणीपायी पातेलं कोरं राहतं आणि पैसे खरोखर वाया जातात. आतून कल्हई आहे ना बघा, नसेल तर करून घ्या, कारण पितळेत चिंच-टोमॅटोचं आंबट कल्हईशिवाय शिजवू नये. मग रविवारी त्यातच आमटी करा.

पुढच्या महिन्यापासून ‘अचानकचा’ डबा. महिन्याला 300 टाकले तरी वर्षाचे 3,600 होतात. घरखर्चातले पैसे त्यात मिसळू नका. त्यातून दवाखाना भागेल, मिक्सरची दुरुस्ती होईल आणि कधी मनाला भावलेली एखादी वस्तूही येईल. तीही गरजच आहे. घरातल्या बायका स्वतःसाठी शंभर रुपये काढतानाही कचरतात, म्हणून थोडी रक्कम त्यांच्या नावाने आधीच बाजूला असावी. तिचा हिशेब कुणी मागू नये.

हे सगळं करूनही आठवडेच्या आठवडे झोप उडत असेल, जेवण जात नसेल, किंवा गरजेच्या औषधावर खर्च करतानाही छातीत धडधडत असेल, तर प्रश्न आता पैशाचा राहिलेला नाही. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.