साखर, गूळ, मध की गोळी: कुठे काय वापरावं

आधी महिन्याचा किराणा तपासा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या सूचनेनुसार मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, 25 च्या आत असेल तर उत्तम. त्यात गूळ, मध आणि फळांचे रसही धरायचे. म्हणजे 25 ग्रॅमच्या हिशेबाने चौघांच्या घरात साखर-गूळ-मध मिळून महिन्याला 3 किलो, तेही बिस्किटं-सरबतांतली साखर धरून. सपाट चमचाभर साखर साधारण 4 ग्रॅम, शिगोशीग भरला तर 6 च्या पुढे. तीन कप चहात असे दोन-दोन चमचे पडले की 36 ग्रॅम तिथेच झाले.

साखर सोडून गूळ धरला म्हणजे काम झालं, हा समज काढून टाका. गुळातही मुख्यतः साखरच असते, उष्मांक थोडेच कमी. शिवाय गोडी कमी लागते म्हणून हात सैल सुटतो. एखाद्या खड्यातून मिळणारं लोह नगण्यच. अळिवाच्या लाडवातलं लोह मुख्यतः अळिवाचं. गूळ चवीसाठी खावा आणि तोही मोजून.

गुळाचा चहा फाटतो, कारण गूळ किंचित आंबट असतो आणि उकळत्या दुधाला ते सोसत नाही. जुना, पाझरलेला गूळ असेल तर हमखास फाटतो. चहा दुधासकट पूर्ण उकळा, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग किसलेला गूळ घालून ढवळा. त्यानंतर पुन्हा उकळी नको.

मध ही साखरच, फक्त पाणी जास्त. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नका, गुटीतसुद्धा नको. बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा, धोका असतो.

आता साखरेऐवजी वापरायच्या गोड गोळ्या आणि पुडी. त्यांतल्या स्टीव्हिया, सुक्रालोज, अ‍ॅस्पार्टेम यांची गोडी साखरेच्या शेकडो पट, त्यामुळे चिमूट जास्त झाली तरी पदार्थ कडवट लागतो. अ‍ॅस्पार्टेम उकळू नका, गोडी जाते. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी तर ते टाळावंच. श्रीखंडात साखर चक्क्याचं पाणी ओढून त्याला सैल करते. स्टीव्हिया घातलं तर चक्का कोरडाच राहतो, म्हणून दोन-तीन चमचे दूध घालून फेटा. चिक्की, पाकातले लाडू यांच्या वाटेला या गोळ्या घेऊन जाऊच नका, पाक होणार नाही.

वजन उतरवायला या गोळ्यांवर विसंबू नये, असं याच संघटनेने 2023 मध्ये सांगितलं. ही शिफारस मधुमेहींसाठी नाही; त्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावं. इतरांनी चहातली साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी करावी.