शाळेचं जुनं जनरल रजिस्टर कसं वाचावं

शाळा कधी निघाली हे पाटीवरून कळतं. ती कोणाकोणाला उघडी होती, हे पाहायला जनरल रजिस्टरच, म्हणजे मुलांच्या दाखल्याची नोंदवहीच, काढावी लागते. हल्ली लोक कुणबी नोंद शोधायला ते उघडतात आणि जातीच्या रकान्यावरच थांबतात. इतिहास त्यापुढच्या रकान्यांत आहे.

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, रजिस्टर शाळेतच बसून पाहा. बोटाला थुंकी लावून पानं उलटू नका. फाटक्या पानाखाली जाड कागद सरकवा, चिकटपट्टी अजिबात लावू नका. तिचा गोंद काही वर्षांनी अक्षरंच खातो. नोंदी मोडी लिपीत असतील तर जाणकार सोबत घ्या. देवनागरीतसुद्धा घाईत लिहिलेले १ आणि ९ फसवतात, म्हणून जन्मतारीख अक्षरी लिहिली असेल तिथे तीच धरा.

आधी गाव तेव्हा कोणाच्या अमलाखाली होतं ते ठरवा. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला. मुंबई इलाख्यातला १९१८ चा सक्तीचा कायदा नगरपालिकांपुरता होता, म्हणजे खेड्यातल्या रजिस्टरात त्याचा परिणाम शोधण्यात अर्थ नाही. निजामाच्या अमलाखालच्या मराठवाड्यात नोंदी उर्दूत आणि फसली सनात, म्हणजे तिथल्या महसुली वर्षात, सापडतील. त्या सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो.

मग कोऱ्या वहीत दहा-दहा वर्षांचे गट पाडा. प्रत्येक गटात दाखल झालेली मुलं, मुली आणि जातसमूह यांची मोजणी करा. गावात वेगळी कन्याशाळा असेल तर तिचंही रजिस्टर हवंच, नाहीतर मुली शिकतच नव्हत्या असा चुकीचा निष्कर्ष निघेल. मोठा घोळ पुनर्प्रवेशाचा. नाव कमी झालेलं मूल परत आलं की त्याला बहुधा नवा नंबर मिळतो, त्यामुळे एकच मूल दोनदा मोजलं जातं. नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख जुळवून अशा जोड्या काढा. पण १ जूनवर विसंबू नका. गुरुजींनी अंदाजे वय धरून कित्येकांची तीच जन्मतारीख लिहिलेली असते.

आता खरं काम: शाळा सोडल्याची तारीख, तेव्हाची इयत्ता आणि कारण. समजा एका गटात ४० मुली दाखल झाल्या आणि २६ दुसरीच्या आत शाळा सोडून गेल्या, तर गळती ६५ टक्के. हाच हिशोब प्रत्येक समूहाचा वेगळा मांडा. ‘सतत गैरहजर’ या शेऱ्याआड सुगी, गुरं राखणं, धाकटं भावंड सांभाळणं, लग्न असं काहीही असू शकतं. सोडल्याचे महिने मांडले की सुगीची गर्दी निदान ओळखू येते. पहिली इयत्ता कोणती धरायची तेही आधीच ठरवा, कारण जुन्या रजिस्टरात पहिलीच्या आधी बिगरी असते आणि ती विसरली तर सगळा तक्ता एका वर्षाने सरकतो.

दाखल म्हणजे हजर नव्हे. हजेरीपट आणि तपासणी अधिकाऱ्यांचं शेरेबुक शिल्लक असेल तर तेही मागा. पटावर ६० आणि तपासणीच्या दिवशी वर्गात २२ असं दिसलं, तर दोन्ही आकडे छापा. नावं मात्र छापू नका. पानाचा फोटो द्यायचाच असेल तर नाव आणि जात हे रकाने झाकून.