ॲम्बेसेडरचं इनटेक मॅनिफोल्ड बदलताना: गॅरेजला नव्यानं लागणाऱ्यांसाठी

जुनी पेट्रोल ॲम्बेसेडर गॅरेजला येते, स्लो रनिंगला (उभी असताना, पाय न देता) थरथरते, आणि आयटीआय करून नुकत्याच लागलेल्या पोराचा हात थेट कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. आधी इंजिन बाहेरून कुठं हवा ओढतंय का ते बघा, खास करून इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांच्या, जोडावर. ही सवय मला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी लावली आणि आजवर तिचा उपयोगच झाला आहे.

या गाडीच्या 1489 सीसी इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट (जळका वायू बाहेर नेणारं मॅनिफोल्ड) हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, एकाच बाजूला आहेत. चार सिलिंडर, पण हवा आत जायला भोकं दोनच. एकेका भोकावर दोन-दोन सिलिंडर. म्हणून प्लग काढून बघा. एक-दोनचे किंवा तीन-चारचे प्लग जोडीनं पांढरट दिसले तर तिथं हवा जास्त जातेय, त्या टोकाच्या पॅकिंगवर (मॅनिफोल्ड आणि हेडमधल्या गॅस्केटवर) संशय घ्या. जोडावर कार्ब क्लीनर मारू नका, एक्झॉस्ट अगदी शेजारी आहे, आग लागेल. थंड इंजिन सुरू करून, मॅनिफोल्ड तापायच्या आत पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की गळती तिथंच.

काढण्याचं काम फार अवघड नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पेट्रोलची नळी बंद करा, चोक आणि ॲक्सिलरेटरची जोडणी सोडवा, ब्रेक बूस्टरची नळी असेल तर तीही. नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मॅनिफोल्ड बाहेर आलं की हेडच्या भोकांत लगेच स्वच्छ फडकी कोंबा. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळं ओलं करूनच खरवडा, कॉम्प्रेसरची हवा मारू नका.

खरं काम इथून पुढं. मधल्या नटांखालचे जाड वॉशर नीट बघा. त्यांची एक कड इनटेकच्या फ्लँजवर (हेडला टेकणाऱ्या सपाट कडेवर) बसते, दुसरी एक्झॉस्टच्या. म्हणजे एकच नट दोघांनाही दाबतो. नव्या इनटेकचा फ्लँज जुन्या एक्झॉस्टपेक्षा थोडा जरी पातळ असला तर वॉशर तिरका बसतो, सगळा दाब एक्झॉस्टवर जातो आणि नवं पॅकिंग टाकूनही गाडी तशीच थरथरते. गिऱ्हाईक म्हणतं पार्ट डुप्लिकेट आहे, पण दोष मापाचा असतो. व्हर्नियर लावून दोन्ही फ्लँज मोजा. मग पट्टी आडवी धरून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवा. फट दिसली तर दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र बांधून एकाच सेटिंगमध्ये फेस मारून (हेडला टेकणारी बाजू मशीनवर सपाट करून) घ्या. कोल्हापुरात हे करून देणारी मशीन शॉप शोधावी लागत नाहीत, पण मशीनवाल्याला बजावून सांगा की फेस सगळीकडे सारखा उजळला की थांबायचं. सपाटी मिळाली तरी जाडी परत मोजायचीच.

नवीन कास्टिंग (ओतीव मॅनिफोल्ड) टॉर्च लावून आतून बघा. शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेला कुणीही सांगेल, कोअरची (ओतताना आतली पोकळी घडवणाऱ्या साच्याची) वाळू कोपऱ्यात चिकटून राहते. इनटेकमध्ये राहिलेला कण थेट सिलिंडरमध्ये जातो. म्हणून मॅनिफोल्ड ठोकून, रॉकेलनं धुऊन, सुकवूनच बसवा.

नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करत आवळा. किती आवळायचं ते मॅन्युअलमध्ये बघा. ॲल्युमिनियमच्या फ्लँजवर हिसका मारला तर तडा जातो. इंजिन तापवून पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा एकदा सगळे नट तपासा.

मालकाला काही दिवस गाडी चालवून परत बोलवा. त्या वेळी चारही प्लग काढून एका फडक्यावर ओळीनं मांडा. चौघांचा रंग सारखा तपकिरी असेल तर बिल करायला हरकत नाही.