चिनी काउंटीची नोंद कशी लिहावी: छुन-आनचं उदाहरण घेऊन

चिनी काउंटीवर, म्हणजे प्रांताखालच्या एका प्रशासकीय विभागावर, मराठीत नोंद लिहिणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: ‘या काउंटीला 1,800 वर्षांचा इतिहास आहे.’ मी भूगोलाच्या नोंदी तपासते. हे वाक्य माझ्यासमोर सारखं येतं आणि मी ते सारखं खोडते. ते खोटं असतं असं नाही, पण त्यातून काही कळत नाही. 1,800 वर्षं नेमकं टिकलं काय? नाव? गाव? जमीन? की सरकारी दप्तरातलं नुसतं एक खातं?

माझी पद्धत साधी आहे. कागदावर पाच रकाने आखायचे: साल, नाव, मुख्य ठाणं, वरचं कार्यालय, जमीन. एखादा बदल सापडला की तो कोणत्या रकान्यातला आहे हे आधी ठरवायचं, मगच लिहायचं. चिनी गॅझेटियरांत हे सगळे बदल एकाच दमात, एकाच परिच्छेदात ओतलेले असतात. त्याचं सरळ भाषांतर केलं की वाचकाच्या हाती नुसती नावांची माळ उरते.

उदाहरणाला छुन-आन घेते. चच्यांग प्रांत, हांगचौच्या अखत्यारीतली काउंटी. पर्यटकांना ती सहस्रद्वीप सरोवरामुळे माहीत असते. मला ती आवडते ती वेगळ्या कारणाने: इथे सालाशिवायचे चारही रकाने हलले आहेत आणि तेही वेगवेगळ्या वेळी.

आधी आजचा दर्जा पक्का करा

इतिहासात शिरण्याआधी सहा आकडी संकेतांक शोधा. चीनचं नागरी व्यवहार मंत्रालय प्रत्येक प्रशासकीय विभागाच्या संकेतांकाची यादी प्रसिद्ध करतं. छुन-आनचा संकेतांक 330127. पहिले दोन अंक प्रांताचे, 33 म्हणजे चच्यांग. पुढचे 01 म्हणजे हांगचौ. खरी माहिती शेवटच्या दोन अंकांत असते: 01 ते 20 असतील तर शहरी विभाग, 21 ते 80 असतील तर काउंटी, 81 किंवा त्यापुढचे असतील तर काउंटी-दर्जाचं शहर. 27 म्हणजे काउंटी, विषय संपला. शेजारच्या च्येन-तचा संकेतांक 330182 आहे, कारण 1992 मध्ये त्या काउंटीचं शहर करण्यात आलं. फू-यांगचा संकेतांक पूर्वी 330183 होता, आता 330111 आहे. लिन-आनचा 330185 जाऊन 330112 झाला. म्हणजे दोन्ही ठिकाणं काउंटी-दर्जाच्या शहरातून शहरी विभागात गेली. त्यांच्यावरचा जुना लेख वाचत असाल तर तो कोणत्या काळातला आहे हे एवढ्यावरून ओळखता येतं.

इथे एक गफलत फार होते. ‘हांगचौ शहर’ म्हटलं की डोळ्यांसमोर रस्ते आणि इमारती येतात. प्रशासकीय अर्थाने हांगचौ म्हणजे 16,800 चौरस किलोमीटरहून मोठा मुलूख आहे. त्यात 10 शहरी विभाग, एक काउंटी-दर्जाचं शहर आणि थुंग-लू व छुन-आन या दोन काउंट्या येतात. एकट्या छुन-आनचं क्षेत्रफळ सुमारे 4,400 चौरस किलोमीटर, म्हणजे हांगचौचा चौथा हिस्सा. चच्यांगमधली आकाराने सर्वांत मोठी काउंटी हीच. तेव्हा ‘छुन-आन हे हांगचौ शहरातलं ठिकाण’ असं लिहिलंत तर वाचकाला वाटेल की स्टेशनवर उतरून रिक्षा केली की पोचलो.

नावाचा रकाना

हान राजवटीच्या अखेरीस, इ.स. 208 मध्ये, सुन छ्युआन या सरदाराच्या ह छी नावाच्या सेनापतीने इथल्या डोंगरी शान-युए लोकांचा बंदोबस्त केला. मग श काउंटीचा मुलूख तोडून नव्या काउंट्या काढण्यात आल्या. त्यांतली श-शिन म्हणजे आजच्या छुन-आनचं मूळ. तिच्याच जोडीला शिन-तिंग निघाली, तीच पुढे स्वेइ-आन झाली. ही दुसरी काउंटी लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

हे 208 साल चिनी मजकुरात ‘च्येन-आन 13’ असं लिहिलेलं सापडेल. गणित असं: च्येन-आन कालखंडाचं पहिलं वर्ष 196, त्यात 13 मिळवा आणि 1 वजा करा. तो 1 वजा करायचा राहिला की सगळी सालं एका वर्षाने पुढे सरकतात. माझ्याकडे येणाऱ्या नोंदींतली निम्मी सालं अशीच चुकलेली असतात. आणखी एक बारकावा: चांद्र वर्षाचा बारावा महिना बहुतेकदा पुढच्या इसवी सनात पडतो. मूळ मजकुरात महिना दिला असेल तर तोही बघा.

पुढे श-शिनची नावं बदलत गेली: शिन-आन, च-शान, ह्वान-छुन, छिंग-शी, छुन-ह्वा आणि शेवटी छुन-आन. ही यादी नोंदीत जशीच्या तशी टाकू नका. दोन बदल निवडा आणि त्यांची कारणं सांगा. मी हे दोन निवडेन.

पहिला 805 चा. त्या साली थांग घराण्याचा श्येन-त्सुंग गादीवर आला. त्याचं व्यक्तिगत नाव छुन. सम्राटाच्या नावाचा उच्चार दुसऱ्या कशाला चालत नसे, म्हणून ह्वान-छुनचं छिंग-शी झालं. गावात काहीच घडलं नव्हतं. घडलं ते राजधानीत. दुसरा 1121 चा, आणि त्यात मात्र सगळं गावातच घडलं. 1120 मध्ये छिंग-शीमधून फांग लाचं बंड उठलं आणि बघता बघता आसपासच्या मुलखात पसरलं. ते मोडून काढल्यावर सुंग दरबाराने नकाशावरची नावंच बदलून टाकली: छिंग-शीची छुन-ह्वा झाली, तिच्या वरच्या मू-चौ विभागाचं येन-चौ झालं, शेजारच्या श-चौचं ह्वेइ-चौ झालं. एकाच वर्षी शेजारशेजारच्या तीन नावांवर बोळा फिरलेला दिसला की ओळखावं, मागे काहीतरी मोठं घडलं आहे. छुन-आन हे आजचं नाव त्यानंतर, दक्षिण सुंग काळात आलं.

या रकान्यात एक सापळा आहे. शेनशी प्रांतात आज छुन-ह्वा नावाची काउंटी आहे आणि हनान प्रांतात शिन-आन नावाची. दोन्ही जिवंत आहेत, दोन्हींचा आपल्या काउंटीशी काडीचाही संबंध नाही. नुसतं नाव टाकून शोध घेतलात तर त्यांचा इतिहास तुमच्या नोंदीत घुसेल. प्रांताचं नाव जोडल्याशिवाय शोधू नका.

वरचं कार्यालय

हा रकाना सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी. चीनमध्ये काउंटी ही पायरी दोन हजार वर्षं टिकून राहिली. तिच्या वरच्या पायऱ्या मात्र प्रत्येक राजवटीने मोडल्या आणि पुन्हा बांधल्या.

छुन-आनवर आधी शिन-तू हा प्रमुख विभाग होता, 280 मध्ये त्याचं नाव शिन-आन झालं. 603 मध्ये मू-चौ आलं. 607 मध्ये त्याच मू-चौला स्वेइ-आन म्हणू लागले, म्हणजे एकाच वेळी स्वेइ-आन नावाचा विभाग आणि त्याच्या पोटात स्वेइ-आन नावाचीच काउंटी! जुन्या मजकुरात ‘स्वेइ-आन’ दिसलं की आधी पायरी ठरवा. थांग काळात मू-चौ परत आलं, 1121 नंतर येन-चौ, 1265 मध्ये च्येन-त, आणि मिंग-छिंग काळात पुन्हा येन-चौ. प्रजासत्ताक आल्यावर ही मधली पायरीच काढून टाकली. 1914 मध्ये चिन-ह्वा विभागाखाली काउंट्या गोळा केल्या, मग तोही गेला. 1949 नंतरची बदलाबदली मी नोंदीत एका वाक्यात उरकते.

हांगचौ या यादीत येतं ते थेट 1963 मध्ये. त्याआधीची सतराशेहून जास्त वर्षं या काउंटीचा कारभार बहुतांश शिन-आन नदीच्या खोऱ्यातूनच चालत होता. म्हणून ‘मिंग काळात हांगचौमधल्या छुन-आन इथे’ असं वाक्य दिसलं की माझा लाल पेन बाहेर येतो. मिंग काळात ते येन-चौमध्ये होतं. आजचा मालक कालच्या काळात नेऊन बसवायचा नाही.

प्रत्येक राजवटीतलं वरचं कार्यालय नकाशावर बघायचं असेल तर हार्वर्ड आणि फुदान विद्यापीठांनी मिळून केलेली ऐतिहासिक भूगोलाची माहितीसाठा-प्रणाली वापरा. ती इ.स.पू. 221 ते इ.स. 1911 एवढा काळ धरते. त्यापुढचं काउंटीच्या नव्या गॅझेटियरांत शोधावं लागतं.

ठाणं आणि जमीन

बहुतेक काउंट्यांच्या बाबतीत हे दोन रकाने दोन ओळींत संपतात. छुन-आनमध्ये सगळी गोष्टच इथे आहे.

1957 मध्ये शिन-आन नदीवर जलविद्युत धरणाचं काम सुरू झालं. पाणी चढण्याआधी, ऑक्टोबर 1958 मध्ये, स्वेइ-आन काउंटी रद्द करून छुन-आनमध्ये विलीन केली. सप्टेंबर 1959 मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि दोन्ही काउंट्यांची जुनी ठाणी पाण्याखाली गेली: छुन-आनचं ह-छंग आणि स्वेइ-आनचं श-छंग, म्हणजे सिंहनगर. सुमारे 2,90,000 लोकांना उठावं लागलं. त्यांतले पुष्कळ शेजारच्या च्यांगशी प्रांतात गेले. जलाशयाने सुमारे 573 चौरस किलोमीटर जमीन घेतली. डोंगरांचे माथे वर राहिले, तीच सहस्रद्वीप सरोवरातली आजची 1,078 बेटं. सिंहनगरात पाणबुडे उतरले ते 2001 मध्ये; तटाच्या भिंती आणि कोरीव दगडी कमानी बऱ्याच शाबूत निघाल्या. काउंटीचं ठाणं पाय-लिंग या नव्या जागी हललं. आज त्या गावाला सरोवराचंच नाव आहे.

आता आपले रकाने वाचा. नावाचा धागा 1959 मध्ये हललाच नाही. ठाणं पूर्ण बदललं. जमीन वाढली, कारण एक अख्खी काउंटी पोटात आली. आणि कमी झाली, कारण खोऱ्यातली सुपीक शेतं गेली. नोंदीची सुरुवात मी अशी करेन: ‘छुन-आन ही चच्यांग प्रांतातली, हांगचौच्या अखत्यारीतली काउंटी आहे. तिचं मूळ 208 मध्ये स्थापलेल्या श-शिन काउंटीत असून आजचा विस्तार 1958 मध्ये स्वेइ-आन काउंटी विलीन झाल्याने ठरला आहे.’ एवढंच. बेटं, मासे आणि सरोवराचं बाटलीबंद पाणी पुढच्या परिच्छेदात.

स्वेइ-आनची वेगळी नोंद करायची का, असं विचारलं जातं. करावी. जी काउंटी 1958 पर्यंत स्वतःचा अधिकारी, स्वतःचं ठाणं आणि स्वतःचं गॅझेटियर घेऊन उभी होती, तिला दुसरीच्या नोंदीत तळटीप करून टाकणं मला पटत नाही.

माणसं

‘प्रसिद्ध व्यक्ती’ या शीर्षकाखाली इथले आणि इथे नेमलेले अशी सरळ फोड करा. मिंग-छिंग काळात अधिकाऱ्याला स्वतःच्या प्रांतात नेमत नसत, त्यामुळे काउंटीचा गाजलेला अधिकारी म्हटला की तो बाहेरचाच असणार. मिंग काळात सरकारी नोकरीच्या तिन्ही परीक्षांत पहिला आलेला शांग लू हा छुन-आनचा भूमिपुत्र. हाय र्वेइ मात्र हायनानचा. तो 1558 ते 1562 इथला अधिकारी होता.

त्याच्याबद्दल ‘प्रामाणिक अधिकारी’ एवढंच लिहून भागवू नका. मिंग इतिहासात त्याची गोष्ट आहे. सुभेदार हू त्सुंग-श्येनचा मुलगा छुन-आनवरून चालला होता. सरकारी टपालचौकीवर बडदास्त मनासारखी झाली नाही म्हणून त्याने तिथल्या नोकराला उलटं टांगलं. हाय र्वेइ म्हणाला, सुभेदारसाहेबांनी तर वाटेत कुणी खर्च करू नये असा हुकूम दिला आहे. एवढा लवाजमा घेऊन फिरणारा हा त्यांचा मुलगा असूच शकत नाही. सामान उघडलं, त्यात सापडलेली हजारोंची रक्कम सरकारजमा केली आणि तसं सुभेदारालाच कळवलं. सुभेदार काय बोलणार! याच हूने एकदा लोकांना सांगितलं होतं की हाय र्वेइने आईच्या वाढदिवसाला म्हणे दोन शेर मांस विकत घेतलं. ती तेव्हा बातमी होती.

आकडे

चिनी आकडे ‘वान’ आणि ‘यी’मध्ये येतात. वान म्हणजे दहा हजार, यी म्हणजे दहा कोटी. इंग्रजीच्या मिलियनमधून फिरून येण्यापेक्षा थेट लाख-कोटीत आणा: 32.9 वान म्हणजे 3.29 लाख. शेतजमीन ‘मू’मध्ये दिलेली असेल तर 15 मू म्हणजे एक हेक्टर.

लोकसंख्येचा एकच आकडा देऊ नका. 2020 च्या जनगणनेत छुन-आनची निवासी लोकसंख्या 3.29 लाखांच्या आसपास आहे, तर नोंदणी-दप्तरातली संख्या साडेचार लाखांच्या घरात जाते. कागदोपत्री इथली असलेली पुष्कळ माणसं कामधंद्यासाठी बाहेर राहतात. दोन लेखांत दोन आकडे दिसले की सरासरी काढणारे महाभाग मी पाहिले आहेत. कोणता आकडा कोणता ते लिहा आणि शेजारी साल द्या.

पोटविभाग मोजताना 11 नगरं आणि 12 ग्रामविभाग, मिळून 23. हाही आकडा सालासकट लिहा. सामूहिक शेतीच्या काळातली कम्युन मोडून 1980 च्या दशकात ग्रामविभाग परत आले, त्यानंतर ठिकठिकाणी त्यांची जोडतोड चालू राहिली, त्यामुळे जुन्या पुस्तकात वेगळी संख्या दिसेल आणि ती तिच्या काळापुरती बरोबरच असेल.

प्रसिद्ध करण्याआधी संकेतांकाची ताजी यादी पुन्हा उघडा. 2022 पासून काउंटीचं शहर किंवा शहरी विभाग करण्यावर केंद्राने लगाम घातला आहे, तरी फू-यांग आणि लिन-आनचं झालं ते बघता 330127 तसाच आहे ना, हे तपासायला दोन मिनिटं लागतात.