‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी: लिनक्सवर डिस्क बिघडली की या चुका टाळा

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सांगलीत माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जुन्या डेस्कटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट किंवा उबुंटू या लिनक्सच्या सिस्टीम आल्या. मार्केट यार्डातलं हळदीच्या अडतीचं दुकान, विश्रामबागेतला क्लास, गावभागातलं पत्रिका छापणारं डीटीपी सेंटर. मशीन पुन्हा पळायला लागली. पण सिस्टीम नवी असली तरी आतली हार्डडिस्क जुनीच असते, वर्षानुवर्षं फिरलेली. मग एका सकाळी लॉगिन होत नाही, फाईल सेव्ह होत नाही, आणि शेजारचा कुणीतरी सांगतो, “फॉरमॅट मारा की, होतंय सगळं.”

डेटा बहुतेक वेळा बिघाडामुळे जात नाही, बिघाडानंतरच्या घाईत जातो. खाली कमांडची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, ती इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची.

डिस्क भरलीय की मरायला टेकलीय, हे न बघताच दुरुस्तीला लागणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. भरलेली डिस्क आणि खराब होत चाललेली डिस्क बाहेरून सारखीच दिसते: मशीन अडखळतं, प्रोग्रॅम उघडत नाहीत, लॉगिनचा पडदा पासवर्ड घेऊन पुन्हा तिथंच येतो. पण उपाय उलटे आहेत. भरलेल्या डिस्कवर साफसफाई करायची. खराब होत चाललेल्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही, आधी डेटा बाहेर काढायचा.

पडद्यावरून लॉगिन होत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळा पडदा येईल, तिथं नाव-पासवर्ड टाकून आत जाता येतं. ‘डीएफ -एच’ दिलं की कुठलं पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) किती भरलंय ते दिसतं. तिथं जागा भरपूर दिसत असेल तर ‘डीएफ -आय’ही बघा. लाखो बारीक फाईली साठल्या तर जागा असूनही आयनोड, म्हणजे फाईलींच्या नोंदींचे खण, संपतात आणि ‘जागा नाही’ असाच संदेश येतो. त्यानंतर ‘सुडो डीएमईएसजी’ देऊन सिस्टीमचे संदेश बघा (सुडो म्हणजे रूटच्या, सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने). त्यात ‘आय/ओ एरर’च्या, म्हणजे वाचता-लिहिता न आल्याच्या, ओळी पुन्हा पुन्हा येत असतील तर साफसफाईचा विचार सोडून द्या.

आता डिस्कलाच विचारायचं. उबुंटू आणि मिंटमध्ये ‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्रॅम असतो, त्यात स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती, माहिती दिसते. टर्मिनलवर हवी असेल तर ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए’ आणि पुढे डिस्कचं नाव. बरेच जण वरचं ‘पास्ड’ वाचून निर्धास्त होतात. डिस्क ‘पास’ दाखवत असतानाही तिचे सेक्टर (डेटा ठेवायचे बारीक कप्पे) निकामी होत असू शकतात. साध्या साटा (साटा केबलने बोर्डाला जोडलेल्या) हार्डडिस्कवर बघायचे आकडे हे: ५ क्रमांकाला बदललेले सेक्टर, १९७ ला वाचता न आल्याने लटकलेले सेक्टर, १९८ ला दुरुस्त न होणारे सेक्टर. यातल्या १९७ किंवा १९८ पुढे शून्याऐवजी आकडा असेल आणि तो वाढत असेल, तर ती डिस्क बदलायचीच. आणि ५, १९७, १९८ स्वच्छ असून फक्त १९९ वाढत असेल तर डिस्कवर संशय घेण्याआधी साटा केबल बदलून बघा. तो आकडा डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वहनातल्या चुकांचा आहे. थोड्या पैशांच्या केबलपायी चांगली डिस्क भंगारात गेलेली मी पाहिली आहे.

चालू पार्टिशनवर एफएससीके चालवणं

एफएससीके ही कमांड फाईल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायची व्यवस्था, तपासते आणि दुरुस्तही करते, म्हणजे ती डिस्कवर लिहिते. ज्या पार्टिशनवरून सिस्टीम त्या क्षणी चालू आहे त्यावर ते चालवलं तर दोघं एकाच वेळी लिहायला लागतात आणि जे शाबूत होतं तेही विस्कटतं. पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) लिनक्सने मशीन सुरू करा, पार्टिशन माउंट नाही, म्हणजे सिस्टीमला जोडलेलं नाही, याची खात्री करा, मग चालवा. नुसतं तपासायचं असेल तर ‘-एन’ जोडा, त्याने ते काही बदलत नाही. बूट होतानाच मशीन ‘इनिटरामएफएस’च्या काळ्या पडद्यावर थांबून ‘एफएससीके हाताने चालवा’ म्हणत असेल तर तिथून चालवायला हरकत नाही, कारण मुख्य पार्टिशन अजून माउंटच झालेलं नसतं.

पण वरचे स्मार्टचे आकडे वाईट असतील तर एफएससीकेचा नंबर नंतरचा. आधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम वापरून आख्खी डिस्क दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर उतरवा. तेही मॅपफाईलसकट (कुठवर उतरलं त्याची नोंद), म्हणजे मध्येच वीज गेली तरी पुढे तिथूनच सुरू करता येतं. दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. इथं एक जीवघेणी गफलत होते: कुठून कुठे हे उलटं टाकलं जातं आणि रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. लिनक्स डिस्कना देतं त्या एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका, मशीन पुन्हा सुरू केल्यावर ती बदलू शकतात. ‘एलएसबीएलके -ओ नेम,साइज,मॉडेल,सीरियल’ देऊन मॉडेल आणि सीरियल नंबर डिस्कवरच्या लेबलाशी जुळवा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा.

‘रीड-ओन्ली’ झालेलं पार्टिशन जबरदस्तीने उघडणं

उबुंटू-मिंटच्या नेहमीच्या मांडणीत फाईल सिस्टीममध्ये गडबड आढळली तर कर्नल (सिस्टीमचा गाभा) मुख्य पार्टिशन आपणहून फक्त-वाचनावर आणतं. लोकांना हा बिघाड वाटतो आणि ते रीमाउंटची कमांड देऊन लिहिणं पुन्हा सुरू करतात. खरं तर त्या क्षणी सिस्टीम तुमचा डेटा वाचवत असते. तशीच राहू द्या आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या.

जागा करण्यासाठी दिसेल ते उडवणं

इथं मिंटवाल्यांसाठी आधी एकच प्रश्न: टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टीमच्या त्या त्या वेळच्या प्रती (स्नॅपशॉट) ठेवणारा प्रोग्रॅम, चालू आहे का? त्याचे स्नॅपशॉट मुख्य डिस्कवरच साठत असतील तर ‘अचानक’ भरलेल्या डिस्कचं कोडं तिथंच सुटतं. ते टाइमशिफ्ट उघडूनच काढा, फोल्डर हाताने उडवू नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टाइमशिफ्ट नेहमीच्या सेटिंगमध्ये होम फोल्डर घेत नाही. ते सिस्टीम मागे नेण्यासाठी आहे. अडतीच्या पट्ट्या, मुलांच्या नोट्स, ग्राहकांच्या पत्रिका त्यात नसतात. स्नॅपशॉट आहेत म्हणजे बॅकअप आहे, असं समजून राहू नका.

बाकी जागा कुठं गेली ते ‘डीयू’ने किंवा ‘डिस्क युसेज अॅनालायझर’ने बघता येतं. इन्स्टॉल करताना उतरवलेल्या पॅकेजचा साठा ‘सुडो एपीटी क्लीन’ने जातो. सिस्टीमच्या जुन्या नोंदी ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्युम-साइज=२००एम’ने कमी होतात (यातला एम मोठा). नोंदी ठेवायचं ‘/var/log’ हे आख्खं फोल्डर उडवायचं नाही, काही सेवा आपलं फोल्डर सापडलं नाही तर सुरूच होत नाहीत. बूट पार्टिशन भरलं तर कर्नलच्या फाईली हाताने पुसू नका. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ ते काम नीट करतं, पॅकेजची नोंदही जुळलेली राहते.

मोठी फाईल पुसली तरी जागा सुटत नाही, हा प्रश्न मला नेहमी येतो. एखादा प्रोग्रॅम ती फाईल अजून धरून बसलेला असतो. ‘सुडो एलएसओएफ +एल१’ (यातला एल मोठा) दिलं की त्याचं नाव कळतं. तो बंद केला की जागा मोकळी होते. बाहेरच्या डिस्कवरून पुसलेलं त्याच डिस्कवरच्या लपलेल्या ट्रॅश फोल्डरमध्ये जातं, तेही रिकामं करावं लागतं.

ईएक्सटी४ ही फाईल सिस्टीम सुरुवातीलाच ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. ५०० जीबीच्या डिस्कवर ती साधारण २५ जीबी होते. मुख्य पार्टिशनवर तिला हात लावू नका, डिस्क गच्च भरल्यावर रूटला आत शिरायला तीच उपयोगी पडते. निव्वळ फोटो-व्हिडिओ ठेवायच्या पार्टिशनवर ‘सुडो ट्यून२एफएस -एम १’ आणि पुढे पार्टिशनचं नाव देऊन ती कमी केली तर चालतं.

एफएसटॅबमध्ये घाईने ओळ टाकणं

एफएसटॅब म्हणजे मशीन सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी असलेली फाईल. दुसरी डिस्क कायम जोडायची असेल तर तिच्या ओळीत यूयूआयडी (पार्टिशनचा कायमचा ओळख क्रमांक) वापरा आणि ‘नोफेल’ लिहा. ते नसेल आणि डिस्क काढून ठेवलेली असेल, तर मशीन दीड मिनिट वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जातं. सेव्ह केल्यावर, रीस्टार्टच्या आधी, ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवा. विंडोजही ठेवलेलं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि ते पार्टिशन लिनक्सवर नीट उघडत नाही.

अडकलं की थेट बटण बंद करणं

त्याऐवजी ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून ठेवून एस, यू, बी ही बटणं एकेक करून, मध्ये दोन-तीन सेकंद थांबून दाबा. एस राहिलेलं लिहून टाकतं, यू डिस्क फक्त-वाचनावर नेतं, बी मशीन रीस्टार्ट करतं. उबुंटूमध्ये हे तिन्ही सुरुवातीपासून चालतं. ईएक्सटी४चं जर्नल (बदलांची नोंदवही) फाईल सिस्टीमचा सांगाडा सावरतं, पण सेव्ह न केलेला हिशेब परत देत नाही. त्यामुळे दुकानाच्या मशीनला यूपीएस हवाच. पेनड्राइव्हही कॉपीची पट्टी संपली म्हणून लगेच उपटू नका. माल अजून मेमरीतच असू शकतो, ‘इजेक्ट’ म्हणा आणि संदेश येईपर्यंत थांबा.

बॅकअपची डिस्क मशीनशेजारीच ठेवणं

२००५, २०१९ आणि २०२१ चे कृष्णेचे पूर आपण पाहिलेत. गावभागात किंवा नदीकाठच्या पेठेत तळमजल्यावर दुकान असेल तर कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर नको. एक प्रत वरच्या मजल्यावर आणि एक दुसऱ्या भागातल्या नातेवाइकांकडे ठेवा. पुराचं पाणी शिरलेली हार्डडिस्क वाळली असं वाटलं तरी वीज देऊन बघायची नाही, उन्हात तापवायची नाही, उघडायची तर अजिबातच नाही. आतल्या चकत्यांवर गाळ बसलेला असेल तर एकदा फिरवली तरी त्या कायमच्या खरवडल्या जातात. आहे तशी पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या आणि ती पाण्यात होती हे पहिल्यांदा सांगा.