शीट घ्या, रिक्षा घेऊ नका

27 वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. त्यातला बराच काळ स्टँडच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या काळीपिवळीवाल्यांना शिव्या देण्यात गेला. आमची गाडी फलाटाला लागायच्या आत ते माणसं भरून पसार व्हायचे. आता रिटायर होऊन संभाजीनगरला मुकुंदवाडीत राहतो, गुडघ्यामुळं दुचाकी सुटली, आणि रोज शेअरिंग रिक्षानं फिरतो. भोग म्हणा. पुतणी अंबडहून वाळूजला नोकरीला आली, तेव्हा तिला जे तोंडी सांगितलं तेच इथं लिहून काढतोय. नव्यानं शहरात येणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट बोलण्याची. रिक्षा तीच असते, ती दोन तऱ्हेनं मिळते. ‘स्पेशल’ म्हणजे अख्खी तुमची, ‘शेअरिंग’ म्हणजे तुमची फक्त एक शीट. रिकाम्या रिक्षात काही न बोलता बसलात की ती स्पेशल झाली. मी स्वतः फसलोय. रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सिडको स्टँडहून बसलो, क्रांती चौकात उतरून वीसची नोट पुढं केली. तो म्हणाला, “मामू, डेढ सौ हुए. इस्पेशल लाया ना तुमको.” जन्मभर दुसऱ्यांची तिकिटं फाडली, आणि स्वतःचं तिकीट न विचारता बसलो! मुकाट्यानं दिले. तेव्हा पाय आत टाकायच्या आधी एवढंच विचारायचं : “क्रांती चौक, शेअरिंग?” त्यानं मान हलवली तर बसायचं. “बसा ना, बघू” म्हणाला तर पुढची रिक्षा.

मोबाइलच्या नकाशातली नावं रस्त्यावर चालत नाहीत. नकाशात महावीर चौक असतो, रिक्षावाला “बाबा, बाबा, बाबा” ओरडत असतो. ते तिथल्या पेट्रोल पंपावरून पडलेलं नाव. पुतणीची पहिल्या दिवशी गंमत झाली. “पंढरपूर, पंढरपूर!” ऐकून ती दोन रिक्षा सोडून उभी राहिली. अगं, हे वाळूजकडं जाताना लागणारं आपलं पंढरपूर, छोटं पंढरपूर. विठोबा तिथंही आहे. आषाढीला त्या रस्त्यावर माणसांचा पूर येतो, त्या दिवशी कामाला जायचं असेल तर शेअरिंगच्या भरवशावर राहू नका.

आता उभं कुठं राहायचं. शेअरिंगवाला सरळ रेषेत धावतो, तुमच्या दारासाठी वळत नाही. जालना रोडची रेषा अशी : चिकलठाणा, मुकुंदवाडी, सिडको, सेव्हन हिल, आकाशवाणी, मोंढा नाका, क्रांती चौक, बाबा पंप. वाळूजला जायचं तर बाबा पंपावर रिक्षा बदलायची, तिथून छावणी, नगर नाक्यावरून पुढं. या रस्त्यावर उड्डाणपूल आहेत आणि नवा माणूस हमखास पूल चढायला लागतो तिथं उभा राहून हात करतो. चढाला लागलेली रिक्षा थांबत नाही. खालच्या रस्त्यानं चौकात या. चौक ओलांडून पलीकडं, जिथं सिग्नल सुटल्यावर रिक्षा कडेला घेता येते, तिथं उभे राहा.

रिक्षा निवडताना भारमान बघा. हा एसटीतला शब्द, गाडी किती टक्के भरली त्याचा हिशेब. आमचं भारमान कमी आलं की डेपोत बोलणी बसायची, तरी गाडी वेळेवर सोडावीच लागायची. रिक्षावाल्याला वेळापत्रक नाही, त्यामुळं तो भारमान शंभर झाल्याशिवाय हलत नाही. रिकाम्या रिक्षात पहिले बसलात तर उरलेली दोन माणसं येईपर्यंत तुम्ही त्याचा नमुना म्हणून बसून राहता. दोघं आधीच बसलेली रिक्षा शोधा. तुम्ही तिसरे, लगेच निघाली.

चौथं मात्र कधीही होऊ नका. रिक्षा तीन प्रवाशांची. ड्रायव्हरच्या बाजूला अर्धं बूड टेकवून बसलेल्याचा पाय बाहेर असतो आणि हँडल नीट वळत नाही. “जराच आहे, सरका” म्हणाला तरी नाही म्हणायचं. मी म्हणतो. दोनदा भांडणंही झालीत.

जुन्या सवयीनं जरा कायद्याचंही सांगतो. 1988च्या मोटार वाहन कायद्यात रिक्षा म्हणजे कंत्राटी वाहन : ठरलेलं माणूस इथून उचला, तिथं सोडा. वाटेत थांबत, माणशी वेगळं भाडं घेत माणसं चढवणं-उतरवणं ही टप्पा वाहतूक, ती बसची. परिवहन प्राधिकरण मार्ग आणि भाडं ठरवून देईल तिथं शेअर रिक्षा रीतसर. बाकी ठिकाणी चालतंय म्हणून चालतंय. 2017मध्ये राज्यानं परमिटच्या संख्येवरची मर्यादा उठवली, रस्त्यावर रिक्षा वाढल्या, आणि मीटरवर बसणारं गिऱ्हाईक मात्र तेवढंच राहिलं. माझ्या मते शेअरिंग फोफावलं ते यामुळंच. वाळूजला तर आणखी एक कारण आहे : कायम कामगारांना कंपनीची बस असते, कंत्राटी पोरापोरींनी आपलं आपण यायचं. ज्या वाळूजला बजाजच्या कारखान्यात रिक्षा बनतात, तिथल्याच पोरांना रिक्षात शीट मिळवायला धक्काबुक्की करावी लागते.

भाड्याचं गुपित टप्प्यात आहे. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, सगळं छापील. रिक्षाचा टप्पा कुठंच लिहिलेला नाही, पण असतो. अमुक चौकापर्यंत दहा, तो ओलांडला की वीस. तुमच्या रोजच्या रस्त्यावर तो कुठं तुटतो हे शेजारी बसलेल्या बाईला विचारा, ड्रायव्हरला नको. टप्पा तुटायच्या आधी उतरून दोनशे पावलं चाललात तर महिन्याच्या शेवटी कळेल काय वाचलं ते. खुर्दा जवळ ठेवा. स्कॅनर चिकटवलेला असला तरी बसतानाच विचारा, नाहीतर उतरताना “नेट नहीं है चचा” ऐकावं लागतं.

रात्र झाली, सामान असलं, आजारी माणूस बरोबर असलं, तर शेअरिंगचा हट्ट सोडून ॲपवरून अख्खी गाडी बोलवा. ॲपवाल्यांनीही शीट विकून पाहिली होती. ओला-उबरनं 2015पासून मोठ्या शहरांत अनोळखी माणसं एका गाडीत बसवली, मार्च 2020मध्ये करोनात ते बंद झालं. ॲप असो नसो, बसण्याआधी रिक्षाचा नंबर घरी पाठवा. आपल्याकडची गाडी एमएच 20. अडचण आली तर 112.

आणि बस येत असेल तर बस. शहर बस आधी आमची एसटीच चालवायची, 2019पासून ‘माझी स्मार्ट बस’ आहे. गावाकडं जाताना तर बायकांनी काळीपिवळीकडं बघूही नये : 17 मार्च 2023पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरीच्या पुढं फुकट. हे मी कंडक्टर म्हणून नाही, हिशेब करून सांगतोय.

पुतणीनं आता माझ्यावर कडी केलीय. एकाच शिफ्टच्या तिघी, तिघी बाबा पंपावरून जाणाऱ्या. त्यांनी मिळून महिन्याची रिक्षा लावली, शाळेच्या पोरांना लावतात तशी. मी एवढंच सांगितलं : सुट्टीच्या दिवसाचे पैसे कापायचे की नाही, एखादी आजारी पडली तर तिच्या शीटवर तो दुसरं कुणी बसवणार का, आणि ओव्हरटाइम लागला तर किती वेळ थांबणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा. ती म्हणाली, “ठरवलंय काका. तिन्ही. आणि वाटेत चौथी शीट घ्यायची नाही, हेपण.”